आज सैपाकाला काय?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सात दिवस आपण गुरुचरित्राच्या पारायणाला बसलो. आज मार्गशीर्ष पौर्णिमा, समाप्तीचा दिवस. रामाचा जन्म भर दुपारी, कृष्णाचा मध्यरात्री, आणि आपल्या दत्तमहाराजांचा जन्म आपण करतो तो दिवेलागणीला. पाळणा हलतो, गुलाल पडतो, हातावर सुंठवडा येतो. ही वेळ घराघरात कशाची असते, सांगा बरं? ही वेळ चुलीची. आता गॅस आला म्हणून काय झालं! मंदिरात घंटा वाजत असते त्याच वेळी घरात ओट्याजवळ उभी राहून एक बाई विचारत असते, "अहो, आज सैपाकाला काय करू?"

आणि आपण पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "कर काहीतरी."

आजचं प्रवचन याच प्रश्नावर आहे. तुम्ही म्हणाल, महाराज, सात दिवस एवढं मोठं चरित्र वाचलं आणि शेवटी पिठलं-भाकरीवर आलात! पण थोडं ऐकून घ्या. दत्तसंप्रदाय अन्नावाचून सांगताच येत नाही.

देवाची दिनचर्या

आपला मराठवाडा या बाबतीत फार भाग्याचा. दत्तभक्तांची श्रद्धा अशी, की महाराज आजही रोज फिरतात. निद्रा आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला. भिक्षा करवीर क्षेत्री, म्हणजे कोल्हापूरला. आणि भोजन गोदाकाठी पांचाळेश्वरला, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात. झोपायलाही देव आपल्याकडे आणि जेवायलाही आपल्याकडेच! ज्या मुलखाला सारं जग दुष्काळी म्हणतं, त्या मुलखात देवानं आपलं पान मांडलं, याचा विचार करा.

आणि देव भिक्षा मागतो म्हणजे काय करतो? दारात उभा राहून "आज काय केलंय?" असं विचारत नाही. "वाढ माय" एवढंच म्हणतो. काय वाढायचं ते वाढणारीनं ठरवायचं. जे झोळीत पडेल ते कपाळाला लावायचं.

त्यांच्या अवताराची सुरुवातच मुळी जेवणापासून आहे. अत्री ऋषी बाहेर गेलेले आणि अनसूयामातेच्या दारात तीन अतिथी उभे. भूक लागली म्हणाले आणि वाढण्यासाठी अट अशी घातली, की कोणतीही बाई लाजेनं मरून जावी. मातेनं त्यांना ना हाकललं, ना शाप दिला. पतीच्या चरणांचं तीर्थ शिंपडलं, तिघांची तान्ही बाळं झाली आणि तिनं त्यांना छातीशी धरून दूध पाजलं. सृष्टीचं उत्पत्ती, पालन, संहाराचं काम करणारे तिघं देव एका आईच्या मांडीवर दूध पिऊन तृप्त झाले. माहूरला अनसूयामातेच्या शिखरावर जाल तेव्हा हे आठवा. जगातलं पहिलं आवडतं अन्न तेच असतं, आईनं मांडीवर घेऊन दिलेलं. पुढं आयुष्यभर माणूस ताटात तीच चव शोधत असतो.

घेवड्याची भाजी

गुरुचरित्राचा अठरावा अध्याय तुम्ही परवा वाचला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापुरात एक गरीब ब्राह्मण. कोरडी भिक्षा मागून आणायची आणि त्यावर घर चालवायचं. ज्या दिवशी भिक्षा पुरत नसे, त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या वेलाच्या शेंगा तोडायच्या, शिजवायच्या आणि पोरांच्या पोटात घालायच्या. एके दिवशी श्रीनृसिंह सरस्वती स्वामी महाराज त्याच्याच दारात भिक्षेला आले. घरात दाणा नाही. माउलीनं काय केलं? जे होतं ते वाढलं. घेवड्याची भाजी.

महाराज समाधानानं जेवले. म्हणून तर आजही गुरुवारी, उत्सवाला दत्ताच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी असते. पंचपक्वान्नं मागं राहिली आणि गरिबाघरची रोजची भाजी देवाच्या ताटात कायमची जाऊन बसली.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जाता जाता महाराजांनी तो वेलच उपटून टाकला. बाईनं कपाळ बडवून घेतलं. एवढा एक आधार होता, तोही गेला! ब्राह्मणानं तिची समजूत काढली, राहिलेली मुळी काढायला जमीन खणली, तर द्रव्यानं भरलेला हंडा लागला.

आम्ही प्रवचनकार इथं हंड्यावर जोर देतो. मला या वयात वेल महत्त्वाचा वाटायला लागला आहे. आपल्यातले कितीतरी जण साठीच्या पुढचे. डॉक्टरनं कुणाचा भात बंद केला, कुणाची साखर, कुणाचं मीठ. आयुष्यभराचा आवडता वेल एका कागदावर लिहून उपटला! आपण घरी येऊन चिडचिड करतो. ज्या सुनेनं भात शिजवला नाही तिच्यावर रागावतो. त्या जागी थोडं खणून बघावं, कुणी सांगावं काय लागेल! माझ्या जागी काय लागलं ते पुढं सांगतो.

मासा आणि अजगर

मग आवडीनं खाणं हे पाप आहे का? हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्या यादीकडे नीट बघा. त्यातले कितीतरी गुरू खाण्याचे आहेत. मासा गळाच्या आमिषाला भुलून जीव गमावतो. त्याच्याकडून अवधूत शिकला, की बाकी सगळी इंद्रियं जिंकली तरी जीभ जिंकल्याशिवाय काही जिंकलं नाही. अजगर जागेवर पडून असतो. गोड असो, बेचव असो, थोडं असो की फार, जे आपोआप येईल ते घेतो. मधमाशी साठवत बसते आणि साठवलेल्यासकट नाश पावते. आणि भ्रमर फुलाफुलातून थोडं थोडं घेतो, कुठल्याच फुलाला दुखवत नाही. साधूंच्या माधुकरीला नाव मिळालं ते त्यावरूनच.

आता दुसरी बाजू. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले. सात्त्विक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बिनमिठाचं, बिनतिखटाचं, तोंड वाकडं करून खायचं असं काहीतरी येतं. पण भगवंत काय म्हणतात? सात्त्विक अन्न रसाळ असतं, स्निग्ध असतं, अंगी टिकणारं असतं आणि हृद्य असतं. हृद्य म्हणजे मनाला आवडणारं, काळजाला बरं वाटणारं. ही अट खुद्द भगवंतांनी घातली आहे!

म्हणून पावसात भिजून आल्यावर गरम पिठलं आणि ज्वारीची भाकरी, त्यावर कच्चं तेल आणि कांदा फोडलेला, हे सात्त्विक आहे. तापातून उठलेल्याला मऊ भात आणि लिंबू सात्त्विक आहे. वरणात सोडलेल्या चकोल्या, त्यावर तुपाची धार. दूध-भाकरी कुस्करून वर थोडा गूळ. सकाळी मुरमुऱ्याचा सुशीला. प्रवासाला निघताना फडक्यात बांधलेले धपाटे आणि कारळाची चटणी. यांची नावं घेतली तरी तुमच्या तोंडाला पाणी सुटलं ना? सुटू द्या. देव त्यावर रागवत नाही. देव रागावतो ते दुसऱ्या गोष्टीवर.

कोणत्या? तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत ऋषींनी अन्नाची काही व्रतं सांगितली. पहिलं व्रत असं, की अन्नाची निंदा करू नये. पुढचं असं, की अन्नाला झिडकारू नये. आवडीनं खा, पण पुढं आलेल्या ताटाला नावं ठेवू नका. गळाला लागलेला मासा कसा ओळखावा? जो रोज ताटावर बसून चूक काढतो तो. "मीठ कमी आहे." "काल पण हेच होतं." "आईच्या हाताची चव नाही." गळ ताटात नसतो बरं का, तो या वाक्यात असतो.

बहात्तरची सुकडी

आमचं गाव कंधारकडचं. १९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. ज्यांनी ते साल पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. विहिरी आटल्या. माणसं खडी फोडायला, तलावाच्या कामावर गेली. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना चिरायची आणि चावताना लागायची. कामावर सुकडी वाटायचे. माझी माय आपल्या वाट्याची सुकडी खात नसे, पदरात बांधून घरी आणायची. आम्ही तिघं भावंडं वाट बघत ओसरीवर बसलेलो. ती गाठ सोडायची आणि तिघांच्या हातावर सारखी वाटायची. "माय, तू?" असं विचारलं की म्हणायची, "माझं झालं रे तिकडंच."

सुकडी चवीला काही फार नव्हती. पण आजही मला कुणी विचारलं, सगळ्यात गोड काय खाल्लंस, तर तीच आठवते.

एकदा एका शास्त्रीबोवांना मी विचारलं, शिळं अन्न तामसी असं गीता सांगते, मग आमच्याकडं तर सकाळी शिळी भाकरी आणि दही खाऊनच माणसं शेतात गेली. सगळी तामसी झाली का? ते हसले आणि त्यांनी मला छांदोग्य उपनिषदातला उषस्ती चाक्रायण सांगितला. कुरुदेशात पिकं बुडाली होती. हा विद्वान ऋषी भुकेनं हिंडत होता. एक हत्तीवाला कडधान्याच्या घुगऱ्यांसारखं काही खात बसला होता, त्याच्याकडं यानं मागितलं. तो म्हणाला, माझ्या पानातल्या उष्ट्याशिवाय काही नाही. ऋषीनं तेच घेतलं आणि खाल्लं. मग हत्तीवाल्यानं आपलं पाणी पुढं केलं, तर ऋषी म्हणाला, ते उष्टं आहे, ते नको. हत्तीवाला बुचकळ्यात पडला. ऋषी म्हणाला, ते दाणे खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला दुसरीकडं मिळेल. उरलेले दाणे त्यानं बायकोसाठी घरी नेले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, पण तिनं ते नवऱ्याचे दाणे जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे, उष्टे दाणे खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला.

शास्त्रीबोवा म्हणाले, "नियम निवड असणाऱ्याला. भूक लागलेल्याला फक्त अन्न." मला ते पटलं. आणि त्याहून जास्त मनात राहिली ती उषस्तीची बायको, दाणे बांधून ठेवणारी. माझ्या मायेच्या पदराची गाठ मला तिथं दिसली.

आता माझी चूक

आता जे सांगणार आहे ते मंदिरात बसून सांगायला जड जातं. पण गुरूसमोर लपवून काय करायचं?

गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात एक ब्राह्मण आहे. तो परान्न घ्यायचा नाही, दुसऱ्याकडं जेवायला जायचा नाही. बायकोला मात्र वाटायचं, लोकाघरी समाराधना होतात, गोडधोड मिळतं, आपणही जावं. ती महाराजांकडं गेली. महाराजांनी तिला रागावलं नाही. नवऱ्याला म्हणाले, हिच्या मनासारखं होऊ दे, घेऊन जा हिला. दोघं पंक्तीला बसले, तर तिला आपल्याबरोबर कुत्री आणि डुकरं जेवताना दिसली आणि तिचं मन उडालं.

तीस वर्षं मी ही कथा बायकांकडं बघून सांगितली. बायांनो, जिभेचे चोचले बरे नव्हेत म्हणून. बाया मान डोलवायच्या. मला एकदाही असा प्रश्न पडला नाही, की त्या बाईला परक्या घरचं जेवण का हवंसं वाटलं असेल? तिच्या घरी तिला आवडेल ते कधी शिजत असेल का? ते विचारायचं भान तिच्या नवऱ्याला नव्हतं आणि मलाही नव्हतं. महाराजांनी मात्र आधी तिचं ऐकून घेतलं.

मी जेवणाच्या बाबतीत फार खोडीचा माणूस. पिठलं घट्टच पाहिजे. भाकरी तव्यावरून ताटात. आमटीला फोडणी दोनदा. आल्या दिवशी भाजी आवडली नाही तर ताट पुढं सरकवून उठायचो. बाहेर प्रवचनात अजगर सांगायचा आणि घरात मासा होऊन राहायचं, असा माझा प्रकार. मंडळी काही बोलायची नाही. पुन्हा चटणी वाटायची, दुसरी भाकरी टाकायची.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी डॉक्टर तपासून म्हणाले, आता तेलकट सोडून हलकं, यांना आवडतं ते खायला द्या, म्हणजे तोंडाला चव येईल. काय आवडतं यांना? माझ्याकडं बघून विचारलं.

अडतीस वर्षांचा संसार. मी म्हणालो, "पिठलं."

ती पडल्या पडल्या हसली. डॉक्टरला म्हणाली, "पिठलं यांना आवडतं."

मी खाली मान घालून उभा राहिलो. नंतर संध्याकाळी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढून विचारलं, "अगं, तुला काय आवडतं, खरं सांग." बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं राग आला. मग म्हणाली, "कुणी विचारलंच नव्हतं कधी, आता आठवावं लागंल."

आणि तिला आठवलं. तिचं माहेर लातूरकडचं, औसा तालुक्यातलं. तिकडं वेळ अमावस्या म्हणजे दिवाळीहून मोठा सण. आमच्या घरी तो रिवाज नव्हता. तिला आवडायची वेळ अमावस्येची भज्जी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ आणि डाळीचं पीठ लावून मोठ्या पातेल्यात शिजवलेली. बरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली लसूण घातलेली ताकाची आंबील. शेतात कडब्याच्या कोपीखाली देवाला दाखवायची आणि बांधावर बसून खायची. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही, ओळखीचा असो नसो, हात धरून बोलवायचं. म्हणाली, "लगीन झाल्यापासून दोनदा खाल्ली."

अडतीस वर्षांत दोनदा. आणि माझं पिठलं? त्याचा हिशोब कोण करणार!

भागवतातल्या चोवीस गुरूंमध्ये एक कुमारी आहे. घरात एकटी, तिला बघायला पाहुणे आलेले, तांदूळ सडलेले नाहीत. ती आत कांडायला बसली, तर बांगड्या वाजायला लागल्या. आवाज बाहेर गेला तर घरातलं दारिद्र्य कळेल म्हणून लाजेनं तिनं एक एक करून बांगड्या काढल्या, हातात एकच उरली, आणि आवाज थांबला. यातून अवधूत एकांत शिकला. ती शिकवण खरीच. पण आम्ही गृहस्थांनी त्यातून आणखी एक शिकावं. आपण बाहेर पानाची वाट बघत बसतो तेव्हा आत कुणीतरी आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बांगड्या काढत असतं. आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नये.

माझ्या उपटलेल्या वेलाखाली मला लागलं ते हे. हंडाच म्हणायचा.

तिघांपुरतं आणि चार हजारांना

आता शेवटचं. अडतिसाव्या अध्यायातला भास्कर ब्राह्मण आठवा. गाणगापुरात महाराजांना भिक्षा घालायची म्हणून तिघांपुरता शिधा घेऊन आला. रोज कुणी ना कुणी मोठी समाराधना करायचं आणि हा तिथंच जेवायचा. शिध्याची गाठोडी उशाला घेऊन झोपायचा. असे तीन महिने गेले. लोक हसायला लागले. तेव्हा महाराज म्हणाले, आज स्वयंपाक तुझाच, आणि गावाला आवतण दे. लोक म्हणाले, एकेका शिताचीही वाटणी व्हायची नाही. पण महाराजांनी आपलं वस्त्र अन्नावर झाकलं आणि चार हजार माणसं जेवून उठली. उरलेलं पाण्यातल्या जीवांना घातलं. भास्कर सगळ्यांच्या मागून जेवला.

चमत्कार खोटा असं मी म्हणत नाही. पण तो चमत्कार आपल्या मुलखात रोज होतो. आपल्या नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जाऊन बघा. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली जिथं ज्योतीत विलीन झाले, तिथं आजही येईल त्याला पंगतीत बसवतात, जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. हुमनाबादजवळ माणिकनगरला जा. माणिकप्रभू महाराजांचा जन्म १८१७ सालच्या दत्तजयंतीचा, आणि त्यांच्या दरबारातलं अन्नदान आपल्या आजोबा-पणजोबांनी जेवलेलं.

आणि ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे किल्लारीची धरणी हलली. मंडळीचं माहेर जवळच होतं. देवाच्या दयेनं माणसं वाचली, घर गेलं. आम्ही पोचलो तेव्हा आजूबाजूच्या गावांतून भाकरी-ठेच्याची गाठोडी येत होती. कुणी आणली, कुणासाठी आणली, कुणाला माहीत नव्हतं. आपलं सगळं गमावलेला एक म्हातारा ढिगाऱ्याजवळ बसला होता. त्याच्या हातावर कुणीतरी भाकरी ठेवली. तो खाईना. शेजारी एक अनोळखी पोरगं रडत होतं. म्हाताऱ्यानं अर्धी मोडून त्याला दिली, तेव्हा कुठं उरलेली अर्धी त्याच्या घशाखाली उतरली. दुःखातली भाकरी एकट्याला गिळत नाही, हे त्या दिवशी बघितलं.

म्हणून यंदाच्या दत्तजयंतीला एवढे चार नेम घेऊन उठा. उपास नाही, खर्च नाही.

एक. आजपासून "कर काहीतरी" म्हणायचं नाही. "तुला काय खावंसं वाटतंय?" असं विचारायचं. बायकोला विचारा, सुनेला विचारा, म्हातारी आई असेल तर तिला आधी विचारा. आठवड्यातला एक दिवस, गुरुवार धरा, त्यांच्या आवडीचं शिजू द्या.

दोन. ताटावर बसल्यावर पदार्थाला नाव ठेवायचं नाही. सांगायचं असेल तर जेवण झाल्यावर, हात धुऊन, गोड शब्दात.

तीन. घरात शेवटी कोण जेवतं ते बघायचं. "माझं झालं" म्हणणारीचं खरंच झालंय का, हे पातेल्यात डोकावून बघायचं.

चार. आपली नातवंडं लातूरला, नांदेडला शिकवणीला राहतात. मेसच्या डब्यावर दिवस काढतात. रात्री फोन केला की आपण पहिल्यांदा मार्क विचारतो. पहिल्यांदा "जेवलास का रे बाबा? काय होतं डब्यात?" असं विचारा. आणि तुमच्या गल्लीत असं परगावचं लेकरू राहत असेल, तर महिन्यातून एकदा त्याला घरची भाकरी घाला. महाराज कुणाच्या रूपात दारात येतील, सांगता येत नाही. डोक्यावर भगवी टोपी घालूनच येतील असं नाही, पाठीवर दप्तर लावूनही येतील.

आरतीची वेळ झाली. मागं कढयांचा आवाज येतोय. आज महाप्रसादाला गव्हाची खीर आहे, भात-आमटी आहे आणि घेवड्याची भाजी आहे. पंगतीत बसाल तेव्हा पहिला घास तोंडात घालण्याआधी ज्यांनी पहाटेपासून शेंगा निवडल्या त्या माउल्यांकडं एकदा बघा. आणि त्यांची पंगत बसेल तेव्हा वाढायला आपण पुरुष मंडळींनी उभं राहायचं. मी पहिला उभा राहणार आहे.

पंधरा दिवसांनी वेळ अमावस्या. यंदाही आम्ही दोघं औश्याला जाणार आहोत. हे तिसरं वर्ष. तुरीच्या शेंगा सोलायचं काम माझ्याकडं असतं. मला जमत नाही म्हणून ती हसते. भज्जी मला अजून तितकीशी आवडत नाही, हे खरं सांगतो. पण ती खाताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यानं माझं पोट भरतं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!